आत्याच्या बुटांतली खरखर

आत्याने एकाहत्तराव्या वर्षी लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा बाबांनी आधी खुर्ची ओढली, स्वतःला बसायला. घोटभर पाणी प्यायल्यावर त्यांना दुसरी खुर्ची सुचली, चाकांची.

"लग्न कर, मी कोण अडवणारा," ते म्हणाले. "पण ताई, उभं राहायचं नाही. तू खुर्चीत बसायचंस, मी ढकलीन."

"खुर्चीत बसून टाळ्या घ्यायला मी काय बक्षीस समारंभाची पाहुणी आहे?" आत्या म्हणाली. "मी नाचणार आहे. एक अख्खा नाच, माझ्या स्वतःच्या पायांवर. पडले तर जन्मभर तुझी खुर्ची. शब्द देते."

आत्याने शब्द दिला म्हणजे दिला. आणि ती पडणार, हे तिच्यासकट आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर आत्याने उभा जन्म मोठ्या माणसांना नाच शिकवला. ज्यांना आपला डावा पाय कुठला ते सांगावं लागतं अशी माणसं तिने गिरक्या घेती केली. आणि तिचेच तळवे आता बधिर होत चालले होते. डॉक्टर म्हणाले, पाय धडधाकट आहेत, फक्त तळव्यांची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. सरळ चालताना ती डोळ्यांवर भागवून न्यायची, पण गिरकी घेतली की संपलं. तोल जातोय हे तिला कळायचं तेव्हा तो गेलेला असायचा.

"नवऱ्या मुलाचा हात धर की मग," मी म्हटलं.

नवरा मुलगा तिथेच बसला होता. कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका. दोन्ही हात खिशात. आत्याला त्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही हात खिशातच होते, आणि आत्याला वाटलं, चष्मा शोधतायत. काकांचे हात थरथरतात. घड्याळाच्या आतली बारीक कामं त्यांनी केव्हाच सोडली, आता नुसते पट्टे आणि बॅटऱ्या बदलतात. बशी वाजते म्हणून चहा मगमधून पितात, तोही कुणी बघत नसताना.

"मी कडेला उभा राहीन," काका म्हणाले. "माझा हात धरून नाचल्या तर लोकांना वाटेल, यांना शॉक बसला."

ते हसले, पण हात काही बाहेर आले नाहीत. मला इतका राग आला म्हणून सांगू! त्यांचा नव्हे, त्या थरथरीचा. माझा जन्मच असल्या गोष्टींशी भांडण्यात चाललाय.

मी हृदयाचे ठोके टिपणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. छातीला तारा लावल्या की पडद्यावर ठोके उमटतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या तारांमधून आणखी काय काय येतं ते आम्हाला विचारा. पेशंटने खांदा उडवला, शेजारचा पंखा लागला, कुणी फोन घेऊन फिरकलं, की सगळा कचरा त्या रेघेत. त्याला आम्ही नॉइज म्हणतो, म्हणजे खरखर. तो वेचून फेकायचा आणि ठोका तेवढा ठेवायचा, हे माझं काम. आमच्याकडे कुठलाही प्रोग्राम लिहायला घेतला की पहिली ओळ फिल्टरची, आणि त्या फिल्टरचा नियम एकच: जे ठेक्यात येत नाही ते पुसून टाक. ऑफिसात मला झाडूताई म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू!

तर या झाडूताईने आत्यासाठी कचऱ्याचे बूट करायला घेतले.

आमच्या शास्त्रात एक उफराटी गोष्ट आहे. सिग्नल फार क्षीण असला, तर त्यात थोडा नॉइज मिसळला की तो कळू लागतो. आत्याला हे पटेना.

"समज, भिंतीमागे एक माणूस आहे," मी म्हटलं. "तुला खुणा करतोय, पण भिंतीपेक्षा बोटभर बुटका आहे, म्हणून दिसत नाही. आता त्याच्या पायाखालची जमीन जरा हलवली तर तो उडत राहील, आणि अधूनमधून त्याचं डोकं दिसेल."

"आणि फार हलवली तर?"

"मग सगळंच उडायला लागेल, आणि त्यात तो कुठला ते कळणार नाही."

"थोडक्यात, माझे तळवे बुटके."

"तळव्यांचा निरोप बुटका गं, आत्या!"

"बरं बरं. हलव जमीन."

बुटांच्या आत, तळव्याखाली, मी फोनमध्ये असतात तसली थरथरणारी चिमुकली बटणं बसवली आणि घोट्याशी एक डबी. थरथर इतकी कमी हवी की आत्याला जाणवता कामा नये. पहिल्या दिवशी माझा हात जरा सैल सुटला. आत्या खुदकन हसली, मग खदखदून, मग टेबल धरून. ती पडली असं वाटून बाबा धावत आले आणि कुणावर ओरडायचं ते न कळून दारावर ओरडले.

"बंद कर गं!" आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नको, राहू दे! अगं, किती दिवसांनी मला पाय आहेत!"

मला एकदम भरून आलं, आणि मी नाक ओढत थरथर कमी केली.

दुसरा प्रयोग बरा चालला. आत्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न डगमगता गेली. परत येताना मात्र तिची कंबर हलायला लागली.

"तुझ्या खरखरीला ताल आहे," ती म्हणाली.

"शक्य नाही. खरखर आहे ती."

"मग तेच तेच का येतंय? एक, दोन, तीन आणि गिरकी!"

तिने खरंच गिरकी घेतली आणि सोफ्यावर जाऊन आदळली. काका उठले. त्यांचे दोन्ही हात खिशातून निघून पुढे आले होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा आत गेले.

आत्याचं बरोबर होतं. मी खरखरीचा एक छोटा तुकडा साठवून तोच पुन्हा पुन्हा वाजवत होते. मग मी तो नाद सोडला आणि खरीखुरी खरखर आणली. कुठल्याही तारेत उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची धक्काबुक्की चाललेली असते. तिला ना ताल ना तोल, आणि ती कधी संपत नाही. ऑफिसात मी जिला सगळ्यात जास्त शिव्या घालते तीच ही. मी ती मोठी करून आत्याच्या तळव्यांखाली सोडली.

आत्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. डोळे मिटले. एक पाय उचलला. आणि राहिली की हो उभी! काकांनी सवयीने मनगटावर नजर टाकली आणि वेळ बघायचीच विसरले. मी हातातल्या डावासकट ओट्याभोवती नाचले. बाबा म्हणाले, "हं." बाबांचं हं म्हणजे इतरांचं भाषण.

इथे थांबले असते तर! पण लग्नाच्या सकाळी मला अवदसा आठवली. नाच चालू असताना बॅटरी संपली तर काय, असं मनात आलं, आणि बॅटरी कमी खावी म्हणून मी डबीतला प्रोग्राम नव्याने नीटनेटका लिहून काढला. घोट्याशी हिरवा दिवा लागला. आत्याने बूट चढवले, आरशासमोर एक चक्कर मारली, "अगं, हलकं हलकं वाटतंय," म्हणाली. मला वाटलं, आनंदाने म्हणतेय.

नोंदणीच्या ऑफिसात काकांनी सही केली तेव्हा कारकून खिडकीबाहेर बघत राहिला. ती सही कागदभर पसरली होती. आत्याने तिच्यावर फुंकर मारली आणि शेजारी आपली सही ठोकली. तिथून सगळे हॉलवर. गुळगुळीत लाकडी जमीन, भिंतीला लागून खुर्च्या, आणि खांबामागे बाबांनी घडी करून ठेवलेली ती चाकांची. "सहज आणली," ते म्हणाले.

गाणं लागलं. आत्या एकटी मधोमध गेली. तिचे जुने विद्यार्थी कडेने उभे होते. पहिली पावलं छान पडली. मग तिने गिरकी घ्यायला अंग वळवलं, आणि मी ते पाहिलं: ती डावीकडे कलली आणि तिला ते कळलंच नाही.

मी फोन उघडला. बुटांत काय चाललंय ते त्यावर दिसतं. रेघ सपाट! इतकी स्वच्छ, इतकी सरळ रेघ मी आयुष्यात काढली नव्हती. ऑफिसात असती तर बढती मिळाली असती. प्रोग्राम नव्याने लिहिताना हाताने सवयीने पहिली ओळ फिल्टरची घातली होती. तारेने इमानदारीत खरखर केली होती, आणि तिच्यात ठेका नाही म्हणून माझ्या झाडूने ती सगळीच्या सगळी झाडून टाकली होती. दुरुस्त करायचं तर लॅपटॉप घरी.

बाबा खांबामागून निघालेच होते. पण त्यांच्याआधी कुणीतरी पोचलं. घड्याळवाले काका, कोटाचा खिसा उलटा लोंबतोय, आणि त्यांच्या उजव्या हातात आत्याचा हात. सगळ्यांसमोर तो हात थरथरत होता. ती थरथर आत्याच्या मनगटातून दंडात, दंडातून खांद्यात गेली, पार तिची कानातली हलू लागली.

आत्या सरळ झाली. गिरकी पुरी झाली. मग आणखी एक.

"बूट कामी आले गं!" ती माझ्याकडे बघून ओरडली. चेहरा नुसता उजळला होता. "काय चालतायत!"

मी फोन पाहिला. रेघ सपाटच. हातातली थरथर पायांचा तोल कशी सावरते ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बोटाला नुसता कशाचा स्पर्श झाला तरी माणसाचा तोल सुधारतो, एवढं शास्त्राला माहीत आहे. बाकीचं मी ऑफिसात बोलणार नाही. पण त्या क्षणी गप्प राहणं माझ्याच्याने झालं नाही.

"आत्या!" मी दोन्ही हात उंचावून ओरडले. "बूट बंद आहेत!"

"काय?"

"बूट! बंद! मघापासून!"

बाबांनी खांबाशी खुर्ची उघडली आणि स्वतःच तिच्यात बसले. आत्याने बुटांकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या त्या हाताकडे. काका कानापर्यंत लाल झाले. हात सोडवून घ्यायला लागले.

"माफ करा," ते पुटपुटले. "थांबवायचा प्रयत्न करतो."

"खबरदार!" आत्याने पकड घट्ट केली. "थांबला तर मी पडेन."

काकांनी डावा हातही खिशातून बाहेर काढला.