एकोणचाळिसावा कागद

उल्काताई शेवड्यांना कोणी विचारलं असतं, की बाई, त्या कौसरने तुमचं काय वाकडं केलंय, तर त्या म्हणाल्या असत्या, छे, माझं कोण काय वाकडं करणार, आणि मुळात तिच्याकडे बघायला मला वेळ कुठे आहे. आणि वेळ नसताना दिवसातून दहादा त्या तिच्याकडेच बघत. आता खोटं कशाला बोला, पोटात दुखत होतं त्यांच्या. चांगलं सव्वा वर्ष दुखत होतं.

त्याचं असं झालं. रत्नागिरी जिल्ह्यात ताप, कावीळ, जुलाब कुठे डोकं वर काढतायत यावर नजर ठेवणारी जी माणसं आहेत, गावोगावचे आरोग्यसेवक, लॅबवाले, नोंदी करणारे, त्यांचं एक मंडळ होतं. बेचाळीस सभासद. सरकारी नव्हे, आपापसातलं. अडलंनडलं एकमेकांना विचारावं, चार गोष्टी शिकाव्यात, एवढ्यासाठी काढलेलं. या मंडळाचं सोमवारचं पत्रक अकरा वर्षं रत्नागिरी शहराची नोंद ठेवणाऱ्या उल्काताई काढत होत्या. दोन पानं. कुठल्या तालुक्यात काय चाललंय, कोणाचा अहवाल आला, कोणाचा नाही, आणि शेवटी एक चौकट, ‘चुका’. त्या चौकटीत आपलं नाव येऊ नये म्हणून मंडणगडपासून राजापूरपर्यंत माणसं देव पाण्यात घालून बसायची.

त्यातही ताईंचा एक नियम म्हणजे नियम. रकाना मोकळा सोडायचा नाही. पेशंट नसला तर तिथे ‘निरंक’ असं लिहायचं. “रिकामं म्हणजे शून्य नव्हे,” त्या म्हणत. “निरंक म्हणजे तुम्ही बघितलंत आणि काही सापडलं नाही. रिकामं म्हणजे तुम्ही बघितलंच नाहीत.” अकरा वर्षं घसा फोडून सांगत होत्या. तरी संगमेश्वरात, देवरूखकडच्या डोंगरातला लवू आरोग्यसेवक दर आठवड्याला दोनतीन रकाने मोकळे सोडायचा आणि दर सोमवारी चौकटीत जायचा.

मग आली कौसर सोलकर. राजिवड्याची, तिशीची, लॅबमध्ये नोकरीला. तिने शनिवारचा फोन सुरू केला. दुपारी चार वाजता सगळ्यांनी एकाच वेळी फोनवर यायचं. ती एकेका तालुक्याला हाक मारी, ज्याने त्याने आपापलं सांगायचं, आणि मग कोणालाही काहीही विचारायची मुभा. कोणी अगदी येडपटासारखं विचारलं तरी ही म्हणायची, “बरं झालं विचारलंत, मलाही आधी हे कळत नव्हतं.” उल्काताईंच्या मते ही शुद्ध लाडीगोडी होती. न कळायला काय झालं, शिकून आलीय ना चांगली. पण माणसं शनिवारची वाट बघायला लागली आणि सोमवारचं पत्रक न उघडताच पडायला लागलं. उल्काताई फोनवर कधी गेल्या नाहीत. आपण गेलो नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, याचा मात्र त्यांना राग आला.

जानेवारी संपता संपता मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त झालेले चिंतामणी डॉक्टर म्हणाले, माणसांवर आधीच कामाचा बोजा आहे, पत्रक आणि फोन दोन्ही नकोत. सभासदांनाच विचारू. जे त्यांना उपयोगाचं ते ठेवू, दुसरं बंद. दिवसभर मोबाईलवर माहिती भरून वैतागलेल्यांना आणखी मोबाईल नको, म्हणून कागदी सूचनापत्रं काढली. नाव लिहायचं नाही, बंद पाकिटात पाठवायचं. मोजणी उल्काताईंकडे, नेहमीसारखी. मोजणाऱ्याने स्वतः भरायचं नाही हा नियमही त्यांचाच.

म्हणजे एक्केचाळीस यायची, त्यातली अडतीस आली. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून ताई ती घेऊन बसल्या. नाव नसलं म्हणून काय झालं. अकरा वर्षं ज्यांचे अहवाल तपासले त्यांचं अक्षर काय, पेनाचा रंगसुद्धा त्यांना ठाऊक होता. हा गुहागरचा, ही लांज्याची, हा लोट्याच्या कंपनी दवाखान्यातला, याला अजून काना देता येत नाही.

फोन. फोन. फोन. पत्रक. फोन. कौसर मॅडममुळे धीर येतो. फोन. कौसरताईंचा आवाज ऐकला की बरं वाटतं. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साथीवर लक्ष ठेवायला मंडळ काढलंय की आवाज ऐकून बरं वाटायला? शेवटी हिशेब लागला तो असा, की फोन सव्वीस, पत्रक नऊ, दोन्ही ठेवा म्हणणारे तीन.

तळाशी लवूचा कागद होता. तो ओळखायला अक्षरही बघावं लागलं नाही, अर्धे रकाने मोकळे होते. पण एक ओळ त्याने नीट लिहिली होती. ‘फोन चालू ठेवा. तिथे न रागावता सांगतात.’

ती ओळ ताईंनी तीनदा वाचली. या लवूला पहिला अहवाल लिहायला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. त्याची आई आजारी होती तेव्हा त्याचा महिनाभराचा तक्ता स्वतः भरला होता. आणि त्याला आठवलं काय, तर रागावणं. त्या जागच्या उठल्या, कपाटातून कोरं सूचनापत्र काढलं आणि डाव्या हातात पेन धरला.

मतं वाढवून काही होणार नव्हतं, सव्वीस कुठे आणि नऊ कुठे. पण या धंद्यात एक गोष्ट अशी आहे, की ती नुसती कुजबुजली तरी पुरते. पेशंटचं नाव बाहेर जाणं. ताईंनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘शनिवारच्या फोनवरून आमच्याकडच्या पेशंटची ओळख फुटली. त्या घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं आहे. फोन बंद करा.’ मग कागद खालीवर नीट बघितला, घडी केली आणि बाकीच्यांत सरकवून दिला. अडतिसाचे एकोणचाळीस झाले. आणि पोटातलं दुखणं थांबलं. खरंच थांबलं, संध्याकाळी त्यांनी चवीने दडपे पोहे खाल्ले.

पुढच्या शनिवारी भाट्याला, सुरूच्या बनाजवळच्या हॉलात सभा भरली. चिंतामणी डॉक्टरांनी आकडे सांगितले तेव्हा टाळ्या झाल्या आणि कौसर खाली मान घालून हसली. मग त्यांनी चष्मा लावला नि तो एक कागद वाचून दाखवला.

कौसरचा चेहरा असा उतरला, की उल्काताईंनी घाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

आता दुसरं कुठलं मंडळ असतं तर माणसं चुकचुकली असती नि चहाला उठली असती. पण ही माणसं आयुष्यभर एकच काम करत आलेली. कुठून आलं, कधी आलं, कोणापासून आलं. ताईंना हे सुचायला हवं होतं, पण मत्सराने डोळ्यांवर झापड आणली होती. पाच मिनिटांत फळ्यावर तक्ता उभा राहिला. कुठल्या नोंदी कोणाकडच्या, कुठल्या शनिवारी कोण बोललं, फोनवर कोणी गावाचं नाव घेतलं होतं का.

“मी घेतलं व्हतं,” मागून लवू म्हणाला. तो उभा राहिला होता. “जानेवारीत. उंदीरतापाचा पेशंट व्हता, मी वाडीचं नाव बोललो. माणसाचं नाय बोललो, शप्पत.”

“त्या घरात लग्नाची मुलगी आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

लवूने मान हलवली. मुलगी होती. कोकणातल्या कुठल्या घरात नसते?

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण काटेकोर होते. ते म्हणाले, “लवू, मला हे वर कळवावं लागेल. लपवलं तर उद्या आपल्याला कोणी काही सांगणार नाही.” लवूची नोकरी कंत्राटी होती आणि मार्चमध्ये कंत्राट नवं व्हायचं होतं, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तो खाली बसला आणि हातातली टोपी चुरगाळत राहिला. डॉक्टरांनी चहाची सुट्टी दिली.

उल्काताई व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. कौसर चहाचे दोन कप आणि तो कागद घेऊन त्यांच्यामागे आली.

“ताई, तुम्ही सगळ्यांचं अक्षर ओळखता,” ती म्हणाली. “हे कोणाचं आहे सांगा. मी नाव कोणाला सांगणार नाही. मला फक्त त्या घरी जायचंय. माफी मागून येते, लग्नाचं काही सावरता आलं तर बघते.”

“डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाटतंय,” ताई म्हणाल्या. “कसं ओळखणार.”

“हं.” कौसरने कागद कठड्यावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. “लवूदादानेच घाबरून हे लिहिलं असेल असं कोणीतरी आत म्हणत होतं. पण त्यांचं नाही हे. त्यांचा कागद अर्धा कोराच असणार. मघाशी डॉक्टरांनी गठ्ठा दिला तेव्हा मी सगळे चाळले. आम्ही सगळ्यांनीच एखाददुसरा तरी रकाना मोकळा सोडलाय.” तिचं बोट खालच्या रकान्यांवर आलं. मग सावकाश म्हणाली, “एकोणचाळीस कागदांत एकानेच तुमचं ऐकलंय, ताई.”

ताईंनी कागदाकडे बघितलं. तक्रारीच्या खाली चार रकाने होते. आणखी सूचना. प्रशिक्षणाचा विषय. सभेची सोयीची जागा. इतर. चारही रकान्यांत, डाव्या हाताने, त्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, निरंक. निरंक. निरंक. निरंक. कधी लिहिलं ते त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मोकळा रकाना दिसला आणि हात आपोआप गेला.

कौसरने वर बघितलं. तिला कळलं होतं, आणि कळलंय हे ती लपवत नव्हती. पण तिने नुसती कागदाची घडी केली आणि ताईंच्या हातात दिली. “तुमच्याकडेच असू दे. मोजणी तुमची आहे,” एवढं म्हणून ती आत गेली. चहाचा कप तेवढा कठड्यावर ठेवून गेली.

त्या क्षणी उल्काताईंना तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा सव्वा वर्षात वाटला नव्हता. ओरडली असती, चारचौघांत वाभाडे काढले असते, तर बरं झालं असतं. मग दोघी एका मापाच्या झाल्या असत्या. हिने इथेही ‘न रागावता सांगितलं’. कागद फाडून समुद्रावर भिरकावला तरी कोणी विचारणार नव्हतं, हेही त्यांना कळत होतं. आतमध्ये लवू एकटाच खुर्चीवर बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

चहा तसाच टाकून ताई आत गेल्या आणि सरळ फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “आलेले कागद अडतीस आहेत,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. “एकोणचाळिसावा मी लिहिला. असं कुठलं घर नाही, कोणाचं लग्न मोडत नाही. फोनबद्दल तक्रार एकही आलेली नाही. मला कौसरचा हेवा वाटतो, म्हणून लिहिलं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. बोलला तो लवू, तोही बसल्या जागेवरून, हळूच.

“मॅडम, चुकांच्या चौकटीत माजं नाव पन्नास येळा तरी आलं असंल,” तो म्हणाला. “पण एकदा पन खोटं नव्हतं आलं.”

या माणसांत मोजणीत खोटं करण्याएवढं वाईट काही नसतं. मोजणी ताईंकडून काढून घेतली. पत्रक तर मतांनीच बंद झालं होतं. पुढच्या सोमवारी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना टेबलाशी बसून करायला काही नव्हतं. मंगळवार, बुधवार तसेच गेले. फोन आला नाही, मेसेज आला नाही. ऑफिसात माणसं ‘नमस्कार ताई’ म्हणत आणि लगबगीने पुढे जात.

शनिवारी चार वाजता त्यांनी मोबाईल समोर ठेवला. चार वाजून दोन मिनिटांनी आयुष्यात पहिल्यांदा शनिवारच्या फोनला जोडल्या गेल्या. कोणाला कळू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होत्या. कौसर हाका मारत होती. मंडणगड. दापोली. खेड. एकेक जण बोलत होता, मध्येच कोणी हसत होतं. संगमेश्वरातून लवू म्हणाला, “तापाचे दोन, बाकी समदं निरंक.” काय गोड बोलत होती ती सगळ्यांशी, आणि काय जळत होतं ताईंचं अजूनही.

“रत्नागिरी शहर,” कौसर म्हणाली.

शहराची नोंद उल्काताईंकडे होती. त्या गप्प बसल्या. वाटलं, ही पुढे जाईल, लांजा म्हणेल, सुटू. पण कौसर थांबली. फोनवर चाळीस माणसं थांबली.

“ताई, तुम्ही आहात, मला दिसतंय,” कौसर म्हणाली. “गप्प राहिलात तर मी शून्य धरायची नाही. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना.”

वही समोर होतीच, आठवडाभर रोजची नोंद त्यांनी बिनचूक केली होती, कोणी मागणार नाही हे ठाऊक असून. त्यांनी चष्मा लावला.

“ताप, निरंक,” त्या म्हणाल्या. “कावीळ, निरंक. जुलाब, एक.”

“लिहिलं,” कौसर म्हणाली, आणि मग तिने लांज्याला हाक मारली.