लाल ठिपका

बाबांनी दुरुस्त केलेला पंखा पुन्हा दुकानात यायचा नाही. हाच त्यांचा अभिमान आणि हाच आमच्या धंद्याचा रोग.

शेवटचा स्क्रू आवळला की ते त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. मग स्क्रूची हलायची बिशाद नसायची. बाटली आईची. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण बाबांनी थिनर घालून घालून बाटली जगवली होती.

समोर शोरूम उघडलं. जुना पंखा द्या, नवा स्वस्तात न्या. आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. मी धंदा शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणजे दुकान बुडवण्यापुरती अक्कल होती. मी योजना काढली: दरमहा वर्गणी भरा, पंखा कितीदाही बिघडो, दुरुस्ती फुकट.

एक्केचाळीस घरं आली. बाबांनी सगळ्यांचे पंखे खोलले, पुसले, ठिपके दिले. पुढच्या महिन्यात निम्मी घरं गळाली.

"अरे बाळा, बिघडतच नाही, मग भरायचं कशाला?" शेजारची शिंपीण म्हणाली.

मी बाबांना म्हटलं, "जरा कमी आवळा ना."

"कमी म्हणजे?"

"तीन महिन्यांत सुटेल इतपत."

"मग ठिपका?"

"ठिपका नको."

ते बाटली हातात फिरवत राहिले. "यानं दुकान टिकेल?"

"टिकेल."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. फुकट तपासणीच्या निमित्तानं सगळ्या घरांचे पंखे, गळालेल्या घरांचेही, पुन्हा खोलले आणि ठिपक्याविना सैलसर बसवले.

पण मुद्दाम सैल ठेवायचं म्हणजे किती, हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. तीन महिने कसले, तिसऱ्याच दिवशी मास्तरीणबाईंच्या पंख्याची पाती जाळीसकट सुटली आणि त्यांच्या माशांच्या टाकीत जाऊन पडली. मला हसू आवरेना. मासे वाचले, बाई वाचल्या, वर्गणीही वाचली, असं मी म्हणालो.

बाबा हसले नाहीत. "बाई तिथेच बसतात रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत पेचकस आणि बाटली घालून घरोघर फिरले. ज्यांनी वर्गणी सोडली होती, त्यांच्याकडेही गेले. संध्याकाळी परतले तेव्हा बाटली रिकामी होती. पुढच्या महिन्यात एकानंही पैसे भरले नाहीत.

दुकान शोरूमनंच घेतलं, खोकी ठेवायला. पाटी उतरवायला त्यांचा माणूस शिडीवर चढला. बाबांनी खालून शिडी धरली होती.

"काका, ही कोणी बसवलीय हो? एक स्क्रू हलेल तर शपथ!"

"मी."

"मग आता?"

मी म्हणणार होतो, तोडून टाक. बाबांनी खिशातून थिनरची कुपी काढून वर दिली.

"आधी ठिपक्यावर दोन थेंब सोड," ते म्हणाले. "थोडं थांब. मग हळू फिरव. सुटेल."

लाल कपच्या त्यांच्या सदऱ्यावर पडल्या. शिडी धरलेली असल्यानं त्यांना त्या झटकता आल्या नाहीत. पाटी खाली आली, शिडी गेली, तरी त्यांनी त्या झटकल्या नाहीत.