रविवारी पाचला

मंजुषाबाईंनी हातातला व्हिडिओ गेम चौथ्यांदा बंद केला, मागचं झाकण काढून बॅटरी पदराने पुसली आणि पुन्हा बसवली. छोटा पडदा उजळला. पाटी तीच: नेटवर्क सापडलं नाही.

मुलीने, केतकीने, पुण्याहून फोनवर सांगितलेले सगळे उपाय करून झाले होते. पासवर्ड नव्याने भरला, खिडकीला चिकटून पाहिलं, गच्चीवरही जाऊन आल्या. तहसील कचेरीत तीस वर्षं अडलेल्या फायली हलवणाऱ्या बाई तळहाताएवढ्या खेळण्यापुढे हात टेकून बसल्या.

साडेचार झाले होते. दर रविवारी पाचला नात तासभर गेममधल्या त्यांच्या बागेत यायची. फोनवर ‘हं’ आणि ‘ठेवू?’ याच्यापुढे न जाणारी अन्वी तिथे मात्र टाइप करकरून बोलायची. मागचा रविवार हुकला होता. आजही भेट झाली नाही तर पोर पुन्हा कशाला येईल? बाईंना रडूच यायला लागलं.

घरात इंटरनेट नव्हतंच, फोनही साधाच होता. भिंतीपलीकडे कापसातली सरकी काढणारी जिनिंग होती, तिच्या ऑफिसातलं त्या वापरायच्या. तिथल्या मुनीमजींनी आपणहून पासवर्ड लिहून दिला होता. यंदा लाल्या रोगाने कपाशी गेली आणि दिवाळीला जिनिंग सुरूच झाली नाही. तरी रविवारी नेट लागायचं, म्हणून बाई आपल्या गेमलाच दोष देत होत्या. शेवटी गेम घेऊन त्या जिनिंगच्या फाटकाशी गेल्या.

चौकीदार नागोराव रिकाम्या आवारात खाटेवर बसले होते.

“नागोराव, ऑफिसातला इंटरनेटचा डबा बंद आहे का हो?”

“मालकानं नेला ना बाई, दहा दिवस झाले. मले त दिवाळीतच बंद कर म्हनलं होतं.”

“मग इतके दिवस कसं लागत होतं?”

नागोराव टोपी काढून झटकत राहिले.

“रविवारी म्या लावत होतो. पाचले तुमी खिडकीत बसता, हासता. इथून दिसते. इकडं दुसरं कोनी हासाले नाही आता.”

“कधी बोलला नाहीत.”

“सांगतलं असतं त तुमी खिडकी लावून घेतली असती.”

पाच वाजत आले होते. बाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि गेम उघडून त्यांच्यापुढे धरला. बाग बघायला नेट लागत नव्हतं. कोणी यायचं असलं तरच लागायचं.

“किती फुलं हो! सारे तुमीच लावले?”

“हो.”

“अन् बागेचं हे फाटक काहून उघडं?”

“असू द्या,” बाई म्हणाल्या. “सहापर्यंत उघडंच ठेवते मी.”