हायाशींसाठी आणलेला फेटा

ते नाव फोडलं मीच, हे आधी सांगून टाकते.

१९९७ साली शिरोली एमआयडीसीत हंबीररावांच्या कारखान्यात तैवानहून मशीन आलं आणि ते बसवायला पासष्टीचे लिनसाहेब. मी तिथं जेवणाचे डबे देई. साहेबांना तिखट सोसेना, म्हणून त्यांचा दहीभात वेगळा. माझं इंग्रजी वर्तमानपत्रांतून वेचलेलं, त्यांचंही मोडकंच. दोन लंगडी माणसं एकमेकांना धरून बरी चालतात.

एकदा मी त्यांना सांगितलं, लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं 'वर्षाराणी' लिहिलं आणि माहेरची रुद्राणी तिथंच संपली. कानडी बोलणंही संपलं.

"माझं मास्तरांनी फळ्यावर लिहिलं," ते म्हणाले. तैवानवर तेव्हा जपानचं राज्य होतं. आठ वर्षांच्या लिनचा हायाशी झाला. आईनं जुन्या नावानं हाक मारली, तर ओ द्यायची भीती. जपानी गेले, तर चीनमधून दुसरे राज्यकर्ते आले. त्यांच्या शाळेत साहेबांची मुलगी घरची भाषा बोलली, म्हणून तिच्या गळ्यात पाटी अडकवली.

मला भडभडून आलं. आणि भडभडून आलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. हंबीररावांना डबा देताना सगळं बोलून गेले. त्यांनी दुःख तिथंच टाकलं, नाव तेवढं उचललं.

मशीनच्या उद्घाटनाला दारावर बोर्ड झळकला: 'जपानी तज्ज्ञ श्री. हायाशी यांचा सत्कार'.

"मालक, हे काय वो?"

"जपानी म्हटलं की आर्डरी येत्यात, वर्षाराणी. गिऱ्हाइकाला काय कळतंय? डोळं बारीक असलं की झालं की!"

भोवतालचे फिदीफिदी हसले. हंबीररावांच्या मिशीला पेढा चिकटला होता. त्याची मला किळस आली. माझ्या जिभेचीही तेवढीच आली.

साहेबांना बोर्ड वाचता येत नव्हता. पण माइकवरून हाक आली, "हायाशीसाहेब!" त्यांच्या तोंडचा रंगच उडाला.

"हायाशीसाहेब, या की पावणं! फेटा वाट बघतोय!"

तिसऱ्या हाकेला ते उठले. हात मांड्यांना चिकटलेले, मान खाली. मास्तरांनी उभं केलेलं पोर जसं.

माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं. मी मध्येच जाऊन उभी राहिले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "लिनसाहेब!"

त्यांनी मान वर केली. हात सुटले.

"व्हय," ते म्हणाले. कामगारांकडून शिकलेला तेवढा एकच शब्द.

फेटा न बांधताच ते परत जाऊन खुर्चीवर बसले. हंबीरराव माझ्या कानाशी फिस्कारले, "उद्यापास्नं डबा आणू नगंस."

"आजचा तरी खाऊ दे त्यांना," मी म्हणाले.

साहेबांनी दहीभात निवांत खाल्ला, डबा स्वतः विसळला. निघताना मला म्हणाले, "रुद्राणी, थँक्यू." त्या शेडमध्ये ही रुद्राणी कोण, कुणालाच कळलं नाही.

हंबीररावांना ऑर्डरी मात्र मिळाल्या. बोर्ड अजून तिथंच आहे म्हणे.