मृदंगावर काशीराम

काशीराम परबला मृदंगाचे बोल तोंडपाठ होते. अडचण एवढीच, की ते तोंडातून हातात उतरत नव्हते. कापडाच्या गिरणीत माग चालवण्यात अर्धा जन्म गेला, संपात गिरणी बंद पडली, आणि घाटकोपरच्या बिस्किट कारखान्यात लागल्यावर चाळिशीत या गड्याला मृदंगाचं वेड लागलं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक तो घरच्या परातीतूनच उचलायचा.

"कणीक मृदंगाक थापलात, आता चपात्यो कसल्याच्यो लाटू?" बायको शेवंती विचारायची.

भजन मंडळाचे रामनाथबुवा वेगळ्याच गोष्टीवर चिडत. "हाताकडे कित्या बगतंस रे? ते खंय पळान जातले?" पण नजर वर केली की काशीरामचा ठेका चुकायचा आणि खाली केली की पळत सुटायचा. शेवटी बुवांनी त्याच्या हाती टाळ दिले. टाळ काय, मंडळात शेंबड्या पोरालाही देतात. काशीरामला ते फार लागलं.

गणपतीत मंडळाचा मृदंगवाला रजा टाकून गावी गेला. काशीरामला नव्या नोकरीत रजा कुठली? बुवांपुढे दुसरा इलाज नव्हता.

"आज जमलां तर मृदंग तुझो," ते म्हणाले. "नायतर जन्मभर टाळ कुट."

पहिला अभंग कसाबसा निभावला. मग गजर सुरू झाला, टाळ-झांजा एकदम कडाडल्या, आणि काशीरामला स्वतःचा मृदंग ऐकू येईना. वाट लागली, असं त्याला वाटलं. पण क्षणभरच. गिरणीत असाच कल्लोळ असायचा. तिथे कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची आणि हात आपले तुटलेले धागे जोडत राहायचे.

त्यानं मान वर केली आणि बुवांच्या ओठांवर नजर लावली. हातांकडे बघायला सवडच उरली नाही. ठेका शहाण्यासारखा बुवांच्या मागून चालू लागला.

टाळकरी गजर घेत होते, तेवढ्यात बुवा पेटीवाल्या श्यामसुंदरच्या कानाशी वाकून काही पुटपुटले. श्यामसुंदरला कळलं की नाही, देव जाणे. काशीरामनं ते समोरून स्वच्छ वाचलं: "मृदंग आता तेचोच. पण आज सांगा नको, डोक्यार बसात."

काशीरामला भरून आलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तो तसाच रडत वाजवत राहिला.

"काय भक्ती आहे बघ माणसाची," मागे बसलेली एक बाई शेवंतीला म्हणाली.