बिल्ला दिसला की पाट्या उठतात

मी बिल्ला बोलतोय. पितळेचा, तळहाताएवढा, चपराशाच्या छातीवरच्या लाल पट्ट्यावर दिमाखात बसणारा. हैदराबाद शहरातल्या एका तांबटानं मला ठोकून काढलं आणि दुसऱ्या कुणीतरी माझ्यावर उर्दूत सरकारी अक्षरं कोरली. ती वाचणारे थोडे, पण मला पाहून वाट सोडणारे पुष्कळ. याची मला घमेंड होती, आणि का नसावी हो?

मी मल्लय्याच्या वाट्याला आलो. मल्लय्या हैदराबादेतल्याच नल्लकुंट्याच्या नरहररावांचा चपराशी. रावसाहेबांच्या घरात आजा-पणजापासून सरकारी नोकरी, बोलणं मराठी. मल्लय्या तेलुगू मुलखातला, पण त्या घरात राहून मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकाच दमात बोलायचा. रोज सकाळी चिंच लावून मला घासायचा. बायकोनं नथ जपावी तसं जपलं त्यानं मला.

एका वर्षी सीताफळांच्या दिवसांत रावसाहेब दौऱ्यावर निघाले आणि त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी हट्टच धरला, मीही येणार.

"काय बघणार तिथं? झाडं नि दगड," रावसाहेब म्हणाले.

"जन्मभर फळं टोपलीत झाकून घरी आलेली खाल्ली. आता जिथं विकतात तिथं बसून खाईन, चार बायकांशी बोलेन. तुम्ही आपले कागद बघा."

निघालो. रावसाहेब घोड्यावर पुढे, मागून बाईंची बैलांची दमणी आणि दमणीच्या पुढे ऐटीत चालणारे आम्ही, म्हणजे मल्लय्या आणि मी.

पण झालं भलतंच. कुठल्याही गावात शिरलो की झाडाखाली पळसाची पानं पसरलेली असायची, सीताफळाचा वास दरवळत असायचा, आणि माणूस औषधालाही नसायचं. बाई दमणीतून उतरायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हिरमुसून परत चढायच्या.

"मल्लय्या, इथं आत्ता कुणीतरी होतं. या बिया बघ, अजून ओल्या आहेत."

"जंगली लोक बाईसाब, भितात," मल्लय्या म्हणायचा.

खरं कारण त्याला ठाऊक होतं, मलाही. साहेब गावात आले की गावानं फळांनी भरलेली टोपली पुढे करायची. तिला डाली म्हणत. गाव खुशीनं देतं, असं रावसाहेबांना वाटे. प्रत्यक्षात मल्लय्या कुठल्याही फळवालीसमोर उभा राहायचा आणि तिची टोपली उचलायचा. बोलायचीही गरज पडत नसे, मी होतो ना! मग मी लांबून चमकताना दिसलो की बायका पाट्या उचलून कुंपणापलीकडे पळतील नाहीतर काय?

वाटेत एकदा मल्लय्या बाईंना म्हणाला, "चिंतगुड्याला माझी अक्का सीताफळं विकते, बाईसाब. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्कानंच वाढवलं. पट्टा मिळाल्यावर तिनं मला पाहिलंच नाही. आता बघेल, तिचा मल्ली केवढा झाला ते!" त्या दिवशी त्यानं मला असं काही घासलं की माझीच अक्षरं झिजतील की काय, असं मला वाटलं.

चिंतगुडं आलं. चिंचेखाली पानं पसरलेली होती, पण या वेळी एक बाई जागेवर होती. डोक्यावर पदर, मान खाली. मल्लय्या लगबगीनं पुढे गेला. ती उठली, फळांनी भरलेली अख्खी गंपा, म्हणजे टोपली, दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"घ्या दोरा," ती तेलुगूत म्हणाली. दोरा म्हणजे मालक, साहेब.

"अक्का! अगं, मी मल्ली!"

"ओळखलं रे. वळणावरच चालीवरून ओळखलं. बाकीच्या पळाल्या. मी म्हटलं, आपलाच आहे, आपली टोपली नेऊ दे. दुसऱ्या कुणाची नको."

मी त्याच्या छातीवर होतो, म्हणून सांगतो. ती छाती धडधडली आणि मग आतून कुणी हवा काढून घ्यावी तशी बसली. मला आपली भयंकर लाज वाटली. बिल्ल्याला लाज वाटते का, असं विचारू नका. वाटली.

दमणीतून जानकीबाई उतरल्या. त्यांना तेलुगू कळत होतं, सगळं ऐकलं होतं त्यांनी. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी नुसता हात पुढे केला. मल्लय्यानं पट्टा उतरवला, मला सोडवून त्यांच्या हातावर ठेवलं आणि त्यांनी मला पानाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. माझ्या आयुष्यातला पहिला अपमान, तोही कात-चुन्याच्या शेजारी!

पुढचं मी नुसतं ऐकलं. बाई गोणपाटावर ऐसपैस बसल्या.

"आज खायचीत की उद्या?" अक्कानं विचारलं.

"अगं बाई! त्यातही असतं का?"

"असतं तर! डोळे उघडलेली आजची. मिटलेली उद्याची, ती गवतात ठेवायची."

मग एकेक पावलं वाजू लागली. कुंपणापलीकडच्या बायका परतत होत्या. पाट्या टेकल्या, हसणं सुरू झालं. कुणी बाईंना सांगितलं, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं. कुणी त्यांच्या नल्लकुंट्याची चौकशी केली. बाईंनी पैसे मोजून फळं घेतली. त्यावर अक्कानं आणखी एक सीताफळ काढलं.

"हा कोसरु. विकल्यावर वर एक द्यायचंच असतं. डालीवर नसतो कोसरु." आणि ते तिनं बाईंना दिलं नाही. "मल्ली, हात पुढे कर," ती म्हणाली.

मग मल्लय्यानं नाक ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी कचेरीत छातीवर आणि वाटेत डब्यात, असा राहिलो. रावसाहेबांनी एकदा विचारलं, डाली कशी येत नाही हल्ली? "मी विकत घेते," बाई म्हणाल्या. तो विषय तिथंच मिटला.

आता मल्लय्या म्हातारा झालाय. उद्या मी दुसऱ्याच्या छातीवर चढणार. बाबा रे, तू कुणीही अस, माझं एवढं ऐक. वाटेवर पाटी दिसली की मला आधी उतरव. भरल्या पाट्यांभोवती हसत बसलेल्या बायका मला कधी पाहायला मिळाल्या नाहीत, आणि मिळणारही नाहीत. पण डब्यात टाकलंस तरी चालेल. सीताफळाचा वास तिथंही येतो, आणि बायकांचं बोलणं चांगलं ऐकू येतं.