मांगरातली हवा

शर्मिलाने मालवणच्या बंदराजवळ जाळी ठेवायचा एक बंद मांगर भाड्याने घेतला आणि तिथे सॉफ्टी आइस्क्रीमचं मशीन लावलं. धंद्याचं गणित मशीन विकणाऱ्याने तिला नीट समजावलं होतं. जागा थोडी लागते, माणूस एक पुरतो, दांडा खाली ओढला की कोन तयार.

"आणि मॅडम, यात जवळजवळ अर्धी हवाच असते. मशीन आजूबाजूची हवा ओढून दुधात घुसळतं. हवा फुकट, नफा तुमचा."

पहिला कोन तिने शेजारी मासळी विकणाऱ्या मथुराकाकीला दिला. काकीने जीभ लावली आणि ती थबकली.

"ह्येका बिडीचो वास येता."

"खंयची बिडी, काकी? व्हॅनिला आसा तो."

"माझ्या घोवाची."

काकीचा नवरा भिकाजी याच मांगरात बिडी ओढत जाळी विणायचा. एकदा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून मांगर बंद होता.

शर्मिलाने चाखून पाहिलं. गोडाच्या मागून धुराची बारीक चव जिभेवर रेंगाळली. ती कुणाला काही बोलली नाही, कारण पर्यटकांना तीच चव आवडली आणि मे महिन्यात रांग रस्त्यापर्यंत गेली. काकी रोज दुपारी टोपली रिकामी करून यायची, डोळे मिटून कोन खायची. मध्येच हुंकार द्यायची, कुणीतरी काही विचारल्यासारखा.

हळूहळू चव विरळ होऊ लागली. शर्मिलाने खिडक्या लावून घेतल्या, पण उपयोग झाला नाही. एका दुपारी काकीने कोन चाटला, पुन्हा चाटला आणि परत केला.

"संपलो."

"कोण, काकी?"

"उरलो होतो तितको सगळो तू लोकांका चाटूक दिलंस गो."

तिच्या आवाजात राग नव्हता. शर्मिलाला मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी काकी बाजारात बसली नाही. शोधत शोधत शर्मिला एसटी स्टँडवर पोचली. काकी परतीच्या पर्यटकांमधून फिरत होती, एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेत होती. लोक मागे सरत होते. पाठीवर बॅग घेतलेल्या एका मुलीसमोर ती थांबली आणि तिने खोल श्वास ओढला.

"हिच्यात आसा," ती शर्मिलाला म्हणाली. "जरासो आसा."

मुलगी घाबरून पुण्याच्या गाडीत चढली. शर्मिला काकीचा हात धरायला पुढे झाली, तोवर काकीही मुलीच्या मागोमाग चढली होती.